जुने रिव्हॉल्व्हर विकत घेण्यापूर्वी

पुणे-सातारा मार्ग सोडून नसरापूरहून वेल्ह्याकडे (ज्या तालुक्याचे शासकीय नाव आता राजगड झाले आहे) किंवा कापूरहोळहून भोरकडे वळले म्हणजे, जेथे पूर्वी केवळ भातखाचरे दिसत तेथे आता तारेची कुंपणे आणि फार्महाऊसच्या कमानी दिसू लागतात. आणि जमिनीला भाव आला की हद्दीचे, वहिवाटीचे व वारसाहक्काचे तंटेही त्या भावाबरोबरच वाढीस लागतात, हे मावळच्या माणसाला सांगावयास नको. अशा दिवसांत चार पैसे गाठीला असलेल्या एखाद्या खातेदाराच्या मनात कमरेला बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर असावे अशी इच्छा उत्पन्न होते, आणि नवे घ्यावे की कुणाचे वापरलेले घ्यावे हा प्रश्न तो जाणत्यांना विचारू लागतो.

जुन्या शस्त्राला आपल्याकडे जे मोल आहे, त्याचे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. लॉर्ड लिटनच्या अमदानीत 1878 साली झालेल्या कायद्याने हिंदी प्रजेच्या हातचे शस्त्र परवान्याच्या आधीन केले. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्याने ती चौकट बदलली, तरी परवान्याचे तत्त्व कायम राहिले. .38 आणि .455 ही लष्करी-पोलिसी काडतुसे झाडणारी रिव्हॉल्व्हरे निषिद्ध वर्गात गेली आणि सामान्य नागरिकाच्या वाट्याला मुख्यत्वे .32, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर व्यासाची नळी, आली. पुढे 1980 च्या दशकात खासगी आयातीचा मार्गही जवळजवळ बंद झाल्यामुळे, त्यापूर्वी आलेली वेब्लीसारखी विलायती शस्त्रे दुर्मिळ होऊन त्यांच्या किमती वाढत गेल्या. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली ‘निर्भीक’ हे अवघ्या अर्धा किलो वजनाचे .32 रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तरी विलायती नावाची मोहिनी ओसरलेली नाही. ती मोहिनी मला समजते. पण नावासाठी पैसे मोजणाऱ्याने आपण एक जीर्ण यंत्र विकत घेत आहोत, हे विसरता कामा नये.

लोखंड तपासण्याआधी कागद तपासावा. परवाना जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. त्यासाठी वय 21 पूर्ण असावे लागते, पोलिसांचा चौकशी अहवाल लागतो, आणि 2016 च्या नियमांनुसार शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. एका परवानाधारकाने दुसऱ्यास स्वतःचे शस्त्र विकावयाचे असल्यास दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावे लागते, आणि ‘आत्ता पैसे द्या, कागद मागाहून करू’ असे म्हणणाऱ्या इसमाशी पुढचे बोलणेच करू नये, कारण विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे कैदेची झाली आहे. शस्त्रावर कोरलेला क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील क्रमांकाशी अंक न् अंक जुळला पाहिजे, आणि तो घासून पुन्हा उमटवल्याचा जरासा संशय आला तरी व्यवहार तेथेच मोडावा.

मग शस्त्र हाती घ्यावे. ते रिकामे असल्याची खात्री प्रथम स्वतःच्या डोळ्यांनी करावी. नंतर ते निर्धोक दिशेला रोखून घोडा अगदी सावकाश मागे ओढावा आणि काडतुसाच्या प्रत्येक घराच्या वेळी चक्र नेमक्या जागी येऊन घट्ट अडकते की नाही ते पाहावे. चक्र घोडा चढल्यावरही बोटाने हलत असेल, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळी नळीच्या कडेवर खरवडली जाते आणि शिशाच्या कपच्या बाजूला उडून झाडणाऱ्याच्या किंवा शेजारच्या माणसाच्या अंगावर येतात. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून पुढून उजेडात पाहिले की आतील पीळदार खाचांच्या कडा तीक्ष्ण आहेत की गंजाने खाल्ल्या आहेत ते उमगते. वेब्लीप्रमाणे मधोमध मोडून उघडणाऱ्या शस्त्राची बिजागरी आणि वरची कडी विशेष निरखावी, कारण तेथे ढिलेपणा आला तर जोडभाग मिळवणे दुरापास्त होते. हे सर्व एखाद्या परवानाधारक कारागिरास दाखवून घ्यावे. त्याची मजुरी वाचवण्यात शहाणपण नाही.

तथापि माझे खरे म्हणणे याच्याही अलीकडचे आहे. भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याला ज्याचे भय वाटते, त्यावर हे शस्त्र कितपत उपयोगी पडते? भाताची नासाडी करणाऱ्या रानडुकरावर रात्रीच्या अंधारात आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर झाडणे व्यर्थ, आणि वनखात्याच्या परवानगीवाचून बेकायदेशीरही. बिबट्याला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. नुकसानीची भरपाई मागावयाची ती वनखात्याच्या कचेरीत पंचनाम्यानिशी. हद्दीचा तंटा मोजणीने आणि दिवाणी न्यायालयात सुटतो. बांधावर शस्त्र बाहेर निघाले, की त्याच तंट्याची फौजदारी होते आणि ज्याची बाजू खरी तोच आरोपी ठरतो. शिवाय लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत निवडणुका आल्या की प्रशासनाचा हुकूम निघतो, आणि ज्यांना सूट मिळत नाही त्यांना आपले शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते.

म्हणून ज्याच्या जिवास पोलिसांनीही मान्य करावा असा धोका आहे, किंवा रोख रकमेची नित्य ने-आण ज्याच्या व्यवसायातच आहे, त्याने हमीसह नवे शस्त्र घ्यावे असे मी म्हणेन. वापरलेले घेण्यास सबळ कारण मला एकच दिसते, ते म्हणजे घरचा वारसा: परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावे करून देण्याची दरखास्त नियमानुसार करता येते, आणि असे शस्त्र ज्या घरात आहे तेथे ती दरखास्त आजच लिहून ठेवावी.