‘छोडो भारत’ ठरावातले जग

जगाचे नागरिक व्हायचे म्हणजे देशावरची माया सोडायची, असा समज सर्रास आढळतो. तो खरा असता, तर ‘छोडो भारत’चा ठराव जसा आहे तसा लिहिलाच गेला नसता. या लढ्याचा पहिला ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर अंतिम ठराव मंजूर झाला. इंग्रजांनी चालते व्हावे, ही त्यातली मागणी सर्वांना पाठ आहे. पण जगाची शांतता स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघाशिवाय टिकणार नाही, असेही तोच ठराव सांगतो. या संघाने दुबळ्या राष्ट्रांचे शोषण थांबवावे, अल्पसंख्याकांना संरक्षण द्यावे, देशोदेशीची सैन्ये अनावश्यक ठरावीत आणि स्वतंत्र भारत त्यात आनंदाने सामील होईल, इतके सविस्तर ते कलम आहे. हाक निघाल्यावर आठ दिवसांनी, १६ ऑगस्टला, तेव्हाच्या आर्वी तालुक्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गावकरीही मेले, पोलीसही. ज्या ठरावामागे लोकांनी प्राण दिले, त्यातच जगाचा विचार होता. आधी स्वातंत्र्य, मग स्वतंत्रांचा संघ, असा त्याचा क्रम आहे. गुलाम देशाला संघात बरोबरीने बसताच येत नाही, म्हणून देशप्रेम ही इथे विश्वनागरिकत्वाची पहिली अट ठरते.

दुसरा गैरसमज असा, की जागतिक सत्ता म्हणजे एकच राजधानी, एकच फौज आणि एकच हुकूम. या भीतीला आधार आहे आणि तो तत्त्वज्ञांनीच दिला आहे. इमॅन्युएल कांटने १७९५ साली चिरंतन शांततेवर लिहिताना साऱ्या पृथ्वीचे एकच राज्य नाकारले, कारण त्याची परिणती निर्जीव हुकूमशाहीत होईल असे त्याला दिसत होते; त्याने सुचवला तो स्वतंत्र राज्यांचा संघ. पवनारच्या विनोबांचे ‘जय जगत’ याहून पुढे जाते. त्यांच्या मांडणीत खरी सत्ता गावाकडे राहते, वर जाताना ती विरळ होत जाते आणि जगाच्या पातळीवर मुख्यतः नैतिक अधिकार उरतो. संयुक्त राष्ट्रसंघालाही अनेकजण जागतिक सरकार समजतात. प्रत्यक्षात त्याची सनद १९३ सदस्य देशांचे सार्वभौमत्व समान मानते आणि त्यांच्या अंतर्गत कारभारात हात घालण्याची सर्वसाधारणपणे मनाई करते. त्याला कर लावता येत नाही, स्वतःची कायमची फौजही नाही.

यावर रोकडा आक्षेप येतो: आर्वीच्या शेतकऱ्याला या चर्चेचे काय? मला वाटते, सर्वांत जास्त त्यालाच आहे. पुलगाव–आर्वी ही छोटी रेल्वे इंग्रजी अमदानीत कापसासाठीच टाकली गेली. म्हणजे इथला कापूस शंभर वर्षांपूर्वीच जगाच्या बाजाराला बांधला गेला. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देते, तेव्हा जगातले भाव दबतात आणि त्याची झळ विदर्भातल्या जिनिंगपर्यंत पोहोचू शकते. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध तक्रार केली आणि २००५ मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. जगाचे नियम गावावर आधीपासूनच चालतात. ते कोण करतो आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हा खरा वाद आहे.

बलाढ्य देश अशा संस्थाही वाकवतात, हा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही. सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. ज्या व्यवस्थेत ब्राझील जिंकला, तिथले अपील मंडळ अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून निकामी आहे. पण यातून जागतिक नियम फोल ठरत नाहीत. दाद मागण्याची जागा गेली तरी अनुदाने आणि भाव तसेच राहतात. फक्त लहान देशाच्या हातातला कागद जातो. १९४२ च्या ठरावाने बरोबरीच्या राष्ट्रांचा संघ मागितला होता, पाच जणांच्या नकाराधिकाराचा नव्हे, आणि ती मागणी अजून पुरी व्हायची आहे.