मोरेटोरियम म्हणजे काय रे भाऊ?

सातारा आणि सांगली. शेजारशेजारचे दोन जिल्हे, दोन जुन्या बँका आणि २००६ साल. 'बँक म्हणजे फक्त सॅलरी अकाउंट' असं वाटणाऱ्यांनी तर हा किस्सा वाचायलाच हवा!

महिन्याच्या एक तारखेला पगाराचा एसएमएस आला की आपला आणि बँकेचा संबंध संपतो. एफडी करायची वेळ आलीच तर प्रश्न एकच, 'रेट किती देताय?' सीआरएआर, मोरेटोरियम, स्वॅप रेशो वगैरे शब्द सीए मित्रासाठी सोडून द्यायचे. पण सातारा-सांगलीकडे कुणी काका-मामा असतील तर त्यांना विचारून बघा. २००६ मध्ये हे शब्द तिथे थेट लोकांच्या पासबुकात येऊन बसले होते.

सांगली बँक १९१६ ची, तर साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. दोन्ही आपल्या गावच्या, घरच्यासारख्या. एप्रिल २००७ संपेपर्यंत ही दोन्ही नावं इतिहासजमा झाली. दोघींची एक्झिट मात्र अगदी वेगळी. कशी, ते समजायला पाचच शब्द लागतात.

एनपीए आणि सीआरएआर

कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की ते कर्ज एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं. आता बँक जे पैसे कर्जाऊ देते ते बहुतेक ठेवीदारांचे, म्हणजे तुमचे-आमचे. पण तोटा झाला तर पहिला फटका बँकेच्या स्वतःच्या भांडवलाला बसायला हवा. ते भांडवल पुरेसं आहे का, हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरएआर. फंडा सोपा आहे. जोखमीच्या प्रत्येक १०० रुपयांमागे बँकेचे स्वतःचे किमान ९ रुपये हवेत. फ्लॅट घेताना आपण डाउन पेमेंट भरतो ना, तसंच काहीसं हे बँकेचं डाउन पेमेंट. मार्च २००६ अखेर युनायटेड वेस्टर्नचा हा आकडा शून्याच्याही खाली गेला होता. म्हणजे उशी संपली, आता पुढचा तोटा थेट ठेवींच्या अंगावर.

मोरेटोरियम

२ सप्टेंबर २००६, शनिवार, ऐन गणपतीचे दिवस. युनायटेड वेस्टर्नवर मोरेटोरियम लागू झाला. एका ठेवीदाराला काढता येणार जास्तीत जास्त १०,००० रुपये. मग खात्यात पन्नास हजार असोत नाहीतर दहा लाख. हेतू असा, की घाबरून सगळ्यांनी एकदम पैसे काढायला धाव घेऊ नये आणि बँकेसाठी नवा मालक शोधायला वेळ मिळावा. पण घरात लग्न किंवा ऑपरेशन असलेल्या माणसाला हे लॉजिक कसं पटणार?

मजा म्हणजे २०२० मध्ये हाच शब्द दोन वेशांत आला. मार्चमध्ये येस बँकेवर मोरेटोरियम आला तेव्हा ठेवीदारांना ५०,००० ची मर्यादा पडली. त्याच महिन्यात लॉकडाउनमुळे कर्जदारांना ईएमआयचा मोरेटोरियम मिळाला आणि अनेकांनी हुश्श केलं. ठेवीदाराला तो कुलूप वाटतो, कर्जदाराला सवलत. सवलतीतही मेख होती. हप्ता थांबला, व्याजाचं मीटर मात्र चालूच होतं.

विलीनीकरण आणि स्वॅप रेशो

युनायटेड वेस्टर्न घ्यायला १७ जण पुढे आले. रिझर्व्ह बँकेने निवड केली आयडीबीआयची आणि ३ ऑक्टोबर २००६ पासून साताऱ्याची बँक आयडीबीआयमध्ये गेली. ठेवीदार सुटले. शेअरहोल्डर्सना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले आणि विषय संपला. नव्या बँकेत त्यांची भागीदारी उरली नाही.

सांगलीत मोरेटोरियमची वेळच आली नाही. डिसेंबर २००६ मध्ये सांगली बँक आणि आयसीआयसीआय बँकेने आपसात विलीनीकरण ठरवलं, ते एप्रिल २००७ मध्ये अमलात आलं. इथे रोख नाही, अदलाबदल. सांगली बँकेच्या ९२५ शेअर्सना आयसीआयसीआयचे १०० शेअर्स. हाच तो स्वॅप रेशो, आपल्या भाषेत सव्वानऊला एक. आकडा ऐकून नाकं मुरडू नका. हातात येणाऱ्या शेअरची किंमत काय, हा खरा प्रश्न. शिवाय नव्या बँकेच्या नफ्या-तोट्यात वाटा राहतो तो वेगळाच.

थोडक्यात, एकीकडे संकटानंतर वरून झालेला निर्णय आणि दुसरीकडे स्वतः टेबलावर बसून केलेला सौदा.

डिपॉझिट इन्शुरन्स

बँक घ्यायला कुणी आलंच नाही तर? मग उरतो ठेव विमा. २००६ मध्ये त्याची मर्यादा होती फक्त १ लाख, फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. सातारा जिल्ह्यातल्याच कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो याच विम्याचा. २०२१ च्या कायदेबदलानंतर तर बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे.

पण बारीक अक्षरं वाचा बॉस! ५ लाख म्हणजे एका माणसाला, एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. चार शाखांत चार एफडी केल्या तरी बेरीज एकच. आणि गावाकडच्या पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. पाटीवर सोनेरी अक्षरं असली आणि चेअरमन ओळखीचे असले तरीही!

आता होमवर्क

बँकेच्या वार्षिक अहवालात सीआरएआर आणि नेट एनपीए हे दोन आकडे असतात, ते बघायला पाच मिनिटं पुरतात. सीआरएआर दरवर्षी घसरतोय आणि एनपीए चढतोय, तर जास्तीचा अर्धा टक्का व्याज कशासाठी मिळतंय ते ओळखा.

आणि पुढच्या वीकेंडला गावी गेलात की आई-बाबांच्या ठेवींच्या पावत्या काढून बसा. प्रत्येकाच्या नावावर, बँकेप्रमाणे बेरीज करा. जिथे ती ५ लाखांच्या वर जाते, तिथला वरचा पैसा केवळ त्या बँकेच्या तब्येतीच्या भरवशावर आहे. पतसंस्थेतला तर पहिल्या रुपयापासून!