ओझे उतरविताना

आमच्या गावच्या बायका सरपणासाठी रानात जातात. मोळी डोक्यावर चढविताना त्या एकमेकींना हात देतात आणि घरी पोचल्यावर अंगणातूनच हाक मारतात, "हात दे वं बाई!" लहानपणी मला याचे नवल वाटे. चढविताना मदत लागते हे समजण्यासारखे आहे, उतरवायला कशाला? एकदा मी एकटीनेच मोळी उतरवू पाहिली आणि दोन दिवस मान धरून बसले, तेव्हा उत्तर मिळाले. जड ओझे एकट्याला धड उतरविता येत नाही.

मनावरच्या ओझ्यांचेही असेच असावे. शोक, राग, भीती, अपराधीपणा ही ओझी दिसत नाहीत, म्हणून त्यांना हात द्यायला कोणी धावत नाही. माझ्यापुरते सांगते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या दादाने नववीनंतर शाळा सोडली आणि तो राईस मिलमध्ये हमालीला लागला, कारण दोघांच्या शिक्षणाचा खर्च घराला झेपणारा नव्हता. प्रत्येक पेपर लिहिताना मला वाटे, हे गुण दादाच्या पाठीवरून येत आहेत. गुण कमी पडले की घास उतरत नसे.

मी ख्रिस्ती नाही. परंतु लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना माझ्या ध्यानात आले की, ओझे कसे उतरवावे हा प्रश्न या धर्माने अगदी मध्यभागी ठेवला आहे. मला तो जसा उमगला तसा येथे मांडते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात येशू थकल्याभागल्या माणसांना आपल्याकडे बोलावतो आणि त्यांना विसावा देऊ करतो. पण लगेच तो आपले जू मानेवर घ्यायलाही सांगतो. हे प्रथम विसंगत वाटते. मात्र शेतकऱ्याच्या घरी जू म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. नांगराचे जू दोघा बैलांचे असते. तेव्हा भार नाहीसा होत नाही. त्याला जोडीदार मिळतो, असा अर्थ मी लावला. ख्रिस्ती मनुष्य हे कसे आचरतो? तो आपली चूक देवापुढे कबूल करतो. कॅथलिक पंथात ही कबुली धर्मगुरूंपुढे देण्याची रीत आहे, तर प्रॉटेस्टंट पंथात ती बहुधा थेट प्रार्थनेत दिली जाते. मग क्षमा मिळाली असे तो मानतो, आणि ज्यांनी आपले वाईट केले त्यांना क्षमा करणे हेही त्याचे कर्तव्य ठरते. ही क्षमा कमवावी लागत नाही, ती देणगी आहे, हा या शिकवणीचा गाभा होय.

हा गाभा समजायला रमाबाईंसारख्या विदुषीलाही वेळ लागला. त्यांच्या वाट्याला आलेले दुःख थोडेथोडके नव्हते. आईवडील व थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे गोष्ट संपली असे आपल्याला वाटेल. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी निवेदनात त्या सांगतात की, पुढची सुमारे आठ वर्षे मनाला खरी शांती नव्हती. धर्म बुद्धीला पटला होता, पण आपण आधी योग्य झाले पाहिजे ही धडपड सुटली नव्हती. क्षमा आहे तशीच स्वीकारायची असते हे उमगले, तेव्हा कुठे ओझे उतरले.

आणि मग? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आज गोंदिया जिल्हा आहे तो मुलूख तेव्हा मध्य प्रांतातच मोडत असे. ज्या उपासमारीने त्यांचे घर मोडले होते, तिच्याच तोंडातून त्यांनी शेकडो मुली व विधवा सोडवून नेल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले, ते आजही चालू आहे. दुःख त्या विसरल्या नव्हत्या. पण हात मोकळे झाले होते.

लक्ष्मीबाईंचे ओझे निराळे. रेव्हरंड टिळक राजनांदगावला निघाले असता रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचण्यास दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते, म्हणून ही हकिकत मला जवळची वाटते. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कित्येक वर्षे ताटातूट, लोकांची बोलणी आणि त्यात कडक सोवळे. पुढे जातिभेद माणसांनीच केला आहे हे त्यांच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा सांगतो म्हणून नव्हे, तर स्वतःला पटले तेव्हाच त्यांनी ओझे खाली ठेवले, हे मला विशेष वाटते.

येथे कोणी विचारील, सारे देवावर टाकून मोकळे होणे ही पळवाट नव्हे काय? तसे होऊ शकते. कबुली देऊन पुन्हा तीच चूक करणारा मनुष्य ओझे उतरवीत नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर देतो. वर सांगितलेल्या दोघींनी तसे केले नाही.

हे वाचल्यावर गेल्या दिवाळीत मी धीर करून दादाला सगळे सांगितले. तो जेवत होता. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ते का उधारी होती का? तू शीक मुकाट्यानं." मी ज्याला कर्ज समजून वाहत होते, ते त्याने केव्हाच देऊन टाकले होते.

माझे ओझे पूर्ण उतरले असे म्हणवत नाही. त्याचे हात पाहिले की अजून गलबलते. पण त्या रात्री आणखी एक विचारले, आणि बरेच आढेवेढे घेऊन तो हो म्हणाला. दहावीला बाहेरून बसण्यासाठी त्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे. संध्याकाळी मिलमधून आला की आम्ही बीजगणित काढतो. तो दमलेला असतो, मी गणितात कच्ची आहे. जू मात्र आता दोघांचे आहे.