सोडियम, कॉस्टिक आणि पाणी

लिथियम, सोडियम, पोटॅशियम या अल्क धातूंच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. अणू जितका मोठा, तितका तो सुटायला सोपा. म्हणून पाण्यात लिथियम नुसतं फसफसतं, सोडियम वितळून गोळी होऊन पळतं, आणि पोटॅशियम तर जांभळ्या ज्योतीनं पेटतंच. पाण्यातला हायड्रोजन बाहेर पडतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो. त्यामुळे सोडियम आपण रॉकेलमध्ये ठेवतो; ते पेटलं तर पाणी नाही, कोरडी वाळू टाकायची.

आता सोलापुरात या. चादरी-टॉवेलांचं सूत व्हॅट रंगात रंगवायचं, तर कॉस्टिक सोडा लागतो. म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच. यातल्या सोडियमनं आपला इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलाय, म्हणून पाण्यात हा पेट घेत नाही. पण विरघळताना भरपूर तापतो. तेव्हा पाण्यात सोडा थोडाथोडा सोडायचा. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं.

आणि डोळ्यात उडालंच तर? तिथे मात्र पाणीच हवं. लगेच वाहत्या पाण्यानं निदान 20 मिनिटं डोळा धुवायचा, मगच दवाखाना गाठायचा. कॉस्टिक वाट पाहत नाही.