नामकरण झाले, नोंद केली का?

आपल्या घरी बाळाचे नामकरण असले की बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागतात, त्रिसरण-पंचशील होते, खीर वाटली जाते. मुलाचे नाव सिद्धार्थ, मुलीचे सुजाता ठेवून आईबाप धन्य होतात. पण ते नाव जन्मनोंदीत लावायला किती जण जातात?

परवा एक जोडपे माझ्याकडे आले. मुलगी सहा वर्षांची, पहिलीच्या प्रवेशाची वेळ आणि जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा!

कायदा साधा आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. नावाशिवाय नोंद झाली असेल तर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव लावता येते. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशासाठी हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचे नाव लागते, मग वडिलांचे. सावित्रीमाईंच्या लेकींनी हा मान सोडू नये.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले. राज्यघटनेच्या शिल्पकाराची इंग्रजी शाळा त्या एका ओळीपासून सुरू झाली.

म्हणून बंधू-भगिनींनो, नामकरणाची खीर संपण्याआधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत जा. विहारातील कार्यकर्त्यांनीही नामकरणाच्या दिवशीच पालकांना ही आठवण द्यावी. हक्क कागदावर मागावे लागतात. तिथे आपल्या लेकरांचे नाव असलेच पाहिजे.

जयभीम!