घरीं आलेली नोकरी आणि जमिनीचा उतारा

सन 2020 च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी होऊन पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांचीं दारें बंद झालीं, तेव्हां शेतकरी घरांतील पुष्कळ शिकलेले मुलगे व सुना संगणक घेऊन गांवीं आलीं. पुढें कचेऱ्या उघडल्या व बहुतेक मंडळी परत गेली. परंतु कांहीं जोडपीं राहिलीं. त्यांपैकीं एक प्रकार आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो. नवरा शहरांतील नोकरी सोडून शेती हातीं घेतो आणि बायकोची नोकरी तशीच चालू राहते. फक्त ती आतां घरांतील एका खोलींत बसून चालते. अशा घराची घडी कोठें विसकटते व सरकारी दप्तराशीं तिचा काय संबंध येतो, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम वेळेचें पाहूं. शेतकऱ्याचें घर पहाटे उठतें व दिवेलागणीनंतर जेवून निजतें. संगणकावरील नोकरीचा दिवस निराळा असतो. काम अमेरिकेंतील गिऱ्हाइकाचें असेल, तर न्यूयॉर्क येथें सकाळचे 9 वाजतात तेव्हां आपल्याकडे उन्हाळ्यांत सायंकाळचे साडेसहा व हिंवाळ्यांत साडेसात वाजलेले असतात. (तिकडे मार्चांत घड्याळें एक तास पुढें व नोव्हेंबरांत मागें करतात, म्हणून हा फरक.) म्हणजे धारा काढण्याची व भाकरी थापण्याची वेळ आणि सुनेच्या कामाची वेळ एकच होते. सासूबाईंस वाटतें, सून घरांतच तर आहे. सुनेस वाटतें, मी कामावर आहें. दोघींचेंहि म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच तंटा मिटत नाहीं. शेतांत राबणारा माणूस चारचौघांस दिसतो. दार लावून खुर्चीवर बसलेली बाई राबत आहे, हें कोणास दिसत नाहीं. परगांवीं नोकरीस गेलेल्या माणसास मधेंच कोणी हाक मारीत नाहीं. घरांत असलेल्यास दहा वेळां मारतात.

ज्या घरांनीं हा प्रश्न सोडविला त्यांनीं फार मोठें कांहीं केलें नाहीं. कामाच्या वेळा कालनिर्णयाच्या पानावर लिहून ठेवल्या, खोलीचें दार लागलें कीं ती बाहेरगांवीं गेली असें समजण्याचें ठरविलें, आणि सायंकाळच्या धारा व चूल यांचा भार नवऱ्यानें उचलला. या शेवटच्या गोष्टीस गांवांत थोडें हंसतात. हंसोत बापडे! जो मनुष्य नोकरी सोडून घरीं आला त्यास गाईखालीं बसण्याची लाज वाटूं नये. घर गांवठाणाबाहेर शेतांत असेल तर विजेची अडचण अधिक येते. तेथें बॅटरी व इन्व्हर्टर हा चैनीचा खर्च मानूं नये, तो औताच्या दुरुस्तीप्रमाणें धंद्याचाच खर्च होय.

नवऱ्याची अडचण याहून नाजूक आहे. ज्यास महिन्याच्या महिन्यास पगार मोजून घेण्याची संवय, त्यास शेतीचा पैसा फार उशिरां येतो असें वाटतें. आडसाली ऊस तुटावयास सोळा ते अठरा महिने लागतात. ऊस कारखान्यास गेल्यापासून 14 दिवसांत त्याची किंमत द्यावी, असें सन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशांत आहे. पण तोंवर खत, मजुरी व डिझेल यांस पैसा कोठून आणावयाचा? तो बायकोच्या पगारांतून येतो. दर आठवड्यास मागावा लागला तर मागणारा व देणारी दोघेंहि कष्टी होतात. त्यापेक्षां हंगामाच्या आरंभींच किती रक्कम शेतीस द्यावयाची तें ठरवून ती शेतीच्या निराळ्या खात्यांत एकदम घालावी, व पीक विकल्यावर हिशेब मांडावा.

आतां दप्तराकडे वळूं. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षास 6000 रुपये मिळतात व सन 2023 पासून राज्य सरकारचा नमो शेतकरी निधि त्यास जोडलेला आहे. या योजनेंत कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अज्ञान मुलें; आणि त्यांपैकीं कोणी मागील वर्षाच्या आकारणींत आयकर भरला असेल तर त्या कुटुंबास हप्ता मिळत नाहीं. तेव्हां सुनेच्या पगारावर कर भरला जात असेल, तर मुलानें स्वतःच्या नांवच्या जमिनीवर हप्ता घेऊं नये. घेतलेल्या रकमा तहसिलींतून परत वसूल झालेल्या आहेत. सासऱ्याचें कुटुंब मात्र या व्याख्येनें वेगळें असल्यामुळें, सुनेच्या करामुळें त्याचा हप्ता बंद होत नाहीं. या बाबतींत पुष्कळांचा घोटाळा होतो.

याहून मोठी गोष्ट जमिनीची. सुनेच्या पगारांतून विहिरीचें खोदकाम होतें, ठिबकच्या नळ्या येतात. पण ठिबकच्या अनुदानाचा अर्ज खातेदाराच्या नांवें, सामानाची पावती खातेदाराच्या नांवें, आणि सातबाऱ्यावर नांव सासऱ्याचें किंवा नवऱ्याचें. बाईचा पैसा जमिनींत मुरला याची एक ओळहि कोठें राहत नाहीं. महसुली दप्तरांत वर्षानुवर्षें नोंदी लिहिल्यामुळें हें आमच्या नजरेंत अधिक भरतें. निदान रक्कम तिच्या बँक खात्यांतूनच परस्पर द्यावी व पावत्या तिच्याजवळ ठेवाव्या.

खरा उपाय लक्ष्मीमुक्ति योजनेचा. सन 1992 च्या शासकीय परिपत्रकान्वयें नवरा हयातींतच आपल्या जमिनीवर बायकोचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावून घेऊं शकतो. त्यासाठीं खरेदीखत करावें लागत नाहीं. नवऱ्यानें तलाठ्याकडे, म्हणजे हल्लींच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यावा. फेरफार नोंदवहींत नोंद होते, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीसाठीं 15 दिवस ठेवतात व मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कित्येक म्हणतात, नवऱ्यामागें वारसानें तिचें नांव लागणारच आहे, मग आतांच घाई कां? वारसाचा हक्क नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा; तिचा पैसा मात्र आज जमिनींत जात आहे. नांव लागलें म्हणजे कर्ज काढतांना व जमीन विकतांना तिची सही लागते. कित्येकांच्या अनिच्छेचें खरें कारण हेंच असावें, असा आमचा तर्क आहे.

जमीन अद्याप वडिलांच्या नांवें असेल तर मात्र हा अर्ज चालत नाहीं. जमीन वडिलोपार्जित असून सर्व हिस्सेदारांची संमति असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 85 प्रमाणें तहसीलदारांकडून वाटप करून घ्यावें. दोन्ही अर्ज एकाच दिवशीं देऊन उपयोग नाहीं; वाटपाची नोंद प्रमाणित होऊन मुलाच्या नांवाचा उतारा हातीं आला, म्हणजे तो जोडून सुनेच्या नांवाचा अर्ज द्यावा.