स्वयंपाकघरातील चिमणी : हात पोहोचेल तिथवर आपण, पुढे तंत्रज्ञ

'चिमणी' म्हटले की वऱ्हाडातील मागच्या पिढीला आजही रॉकेलचा मिणमिणता दिवा आठवतो. धाब्याच्या घरांत चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी छतालाच साणे ठेवलेले असे. धूर ओढून घेणारे यंत्र घरात असू शकते, ही कल्पनाही तेव्हा नव्हती. आज अकोल्याच्या जठारपेठेत किंवा अमरावतीच्या राजापेठेत नवी सदनिका सजवताना ओट्यावरची विजेची चिमणी जवळजवळ गृहीत धरलेली असते. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. साणे उघडे असे. त्यात काय साचले, हे खालून दिसे. आजच्या चिमणीचा पाइप बहुधा कपाटामागे किंवा पीओपीच्या छताआड गेलेला असतो. समोरची काच आपण रोज पुसतो आणि चिमणी स्वच्छ आहे, असे समजतो. पेट घेणारे तेल साचते ते मात्र न दिसणाऱ्या भागात.

तेल कोठे जाते?

फोडणी दिली की तेलाचे सूक्ष्म थेंब वाफेबरोबर वर उठतात. चिमणीतील पंखा ही हवा ओढतो, फिल्टर त्यातील बरेचसे तेल अडवतो आणि उरलेली हवा पाइपमधून बाहेर पडते. परंतु फिल्टर सगळे तेल अडवू शकत नाही. उरलेले तेल थंड होऊन पंख्यावर आणि पाइपच्या आतील बाजूस चिकटते. पाइप जितका लांब आणि वळणे जितकी अधिक, तितका हा थर जाड होतो. वळ्यांच्या लवचीक पाइपमध्ये तर प्रत्येक वळीत तेल थांबते. तर्रीची भाजी, पाटवड्या, गिला वडा आणि महालक्ष्म्यांपासून दिवाळीपर्यंत चालणारे तळण लक्षात घेता आपल्याकडील चिमणीवर पडणारा भार सहज ध्यानात यावा.

अनेक घरांत आता 'ऑटोक्लीन' चिमणी असते. त्यात एक तापणारी तार पंख्याभोवतीचे तेल वितळवून खालच्या वाटीत आणते. ही सोय उपयुक्त आहे. पण तिने पाइप स्वच्छ होत नाही. 'आमची ऑटोक्लीन आहे, काही पाहावे लागत नाही' हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे.

आपण काय तपासावे?

तपासणीपूर्वी शेगडी बंद करून रेग्युलेटर फिरवावा, चिमणीचा स्विच बंद करून प्लग काढावा आणि यंत्र थंड होऊ द्यावे. ओट्यावर चढून काम करू नये. तेलकट ग्रॅनाइटवरून पाय घसरून होणारी इजा ही या कामातील सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित जोखीम आहे. जमिनीवर किंवा भक्कम स्टुलावर उभे राहून हात पोहोचत नसेल, तर ते काम आपले नव्हे.

प्रथम फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. जाळीदार फिल्टरची छिद्रे बुजलेली दिसली, तर तो कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून भिजवावा व मऊ ब्रशने घासावा. जाळीदार फिल्टर साधारण पंधरवड्यातून एकदा आणि पोलादी पट्ट्यांचा बॅफल फिल्टर महिन्यातून एकदा धुणे इष्ट. ॲल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावू नये. तो त्या धातूलाच खातो. खारपाणपट्ट्यातील बोअरच्या पाण्याने धुतल्यास पांढरा क्षार मागे राहतो, म्हणून शेवटी गोड्या पाण्याने खळाळून, पूर्ण वाळवूनच फिल्टर बसवावा. पाइप नसलेल्या चिमणीतील कोळशाचा फिल्टर सहसा धुण्याचा नसतो. माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो.

त्यानंतर तेलाची वाटी रिकामी करावी. वायर कोठे वितळली आहे काय, प्लग काळवंडला आहे काय, हे पाहावे. प्लग तीन पिनांचा व अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच हवा. शेगडी आणि चिमणी यांतील अंतर सर्वसाधारणपणे ६५ ते ७५ सेंटिमीटर असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पाहून ते मोजावे.

शेवटी शेगडी बंदच ठेवून, फिल्टर जागेवर बसवून चिमणी सुरू करावी व वर्तमानपत्राचा कागद फिल्टरखाली धरावा. कागद घट्ट चिकटला तर ओढ ठीक आहे. फिल्टर स्वच्छ असूनही तो गळून पडत असेल, तर दोष पंख्यात किंवा पाइपमध्ये आहे. पाइपचे बाहेरचे तोंड खालूनच पाहावे. तेथे पक्ष्याचे घरटे, तुटलेली झडप किंवा भिंतीवर तेलाचे ओघळ दिसले, तर तपासणीची वेळ झाली आहे, असे समजावे.

बंद खिडकीचा धोका

चिमणी जितकी हवा बाहेर टाकते, तितकी हवा कोठून तरी आत यावीच लागते. दहा बाय आठ फुटांच्या व दहा फूट उंचीच्या स्वयंपाकघरात सुमारे २३ घनमीटर हवा मावते. ताशी १००० घनमीटर क्षमतेची चिमणी कागदोपत्री ही हवा तासाभरात चाळीसहून अधिक वेळा बाहेर टाकते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की आपण एसी लावून दारे-खिडक्या बंद करतो. अशा वेळी जवळच्या न्हाणीघरात गॅस गिझर सुरू असेल, तर त्याचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी घरात ओढला जाऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची एक खिडकी थोडी उघडी असावी. डोके जड होणे, मळमळ, चक्कर अशी लक्षणे एकाहून अधिक जणांना जाणवली, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत जाऊन डॉक्टरांना गाठावे.

तंत्रज्ञाला केव्हा बोलवावे?

चिमणीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येणे, जळका वास, पंखा न फिरता नुसती घरघर, फिल्टर धुऊनही तेल टपकणे, पावसाचे पाणी पाइपमधून उतरणे, यांपैकी एकही खूण दिसली तर चिमणी बंद ठेवावी. झिणझिण्या येत असतील तर दोष यंत्रात नसून घराच्या अर्थिंगमध्येही असू शकतो. त्यासाठी परवानाधारक वीज कंत्राटदार हवा. वरच्या मजल्याच्या बाहेरील भिंतीवरचे काम तर कोणत्याही स्थितीत स्वतः करू नये.

काही बिघाड नसला, तरी वर्षातून एकदा, महालक्ष्म्यांपूर्वी, पंखा व पाइप उघडून पाहून घ्यावा. सेवा केंद्राचा क्रमांक पुस्तिकेतून किंवा बिलावरून घ्यावा; इंटरनेटवर शोधताना सापडलेले क्रमांक फसवे असू शकतात. तंत्रज्ञाला 'पाइप वेगळा करून आतून दाखवा' असे आवर्जून सांगावे. केवळ फिल्टर धुऊन देणारी सेवा पुरेशी नाही. बदललेला सुटा भाग परत मागावा व पावती घ्यावी.

आग लागल्यास

कढईतील तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नये, भडका उडतो. हात सुरक्षित पोहोचत असेल तर शेगडी व चिमणी बंद करावी आणि कढईवर झाकण सरकवावे. कढई उचलून धावू नये. ज्वाळा चिमणीत शिरल्या असतील, तर शक्य झाल्यास मुख्य स्विच बंद करून सर्वांनी बाहेर पडावे व १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

गॅसचा वास आला तर तो घालवण्यासाठी चिमणी सुरू करणे ही घातक चूक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि स्विचची एक ठिणगी त्याला पुरते. कोणतेही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळती मदत क्रमांकावर संपर्क साधावा.

नियम थोडक्यात असा : जमिनीवर उभे राहून हात पोहोचतो आणि स्क्रू काढावा लागत नाही, तेथवरची देखभाल आपली. स्क्रू, वायर आणि भिंतीपलीकडचे काम जाणकाराचे. पाइप शेवटचा केव्हा उघडला होता, हे आठवत नसेल, तर यंदाच्या तळणाची कढई चढण्यापूर्वी तो उघडून घ्यावा.